गुरुवारचं माप

मार्केट हारबरो,
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

सिरिल,

तुझ्या भावाच्या, लेनच्या घरी फोन केला तर तुझ्या वहिनीने उचलला. ऑड्री म्हणाली, "तो समुद्रावर फिरायला गेलाय." संध्याकाळी पुन्हा केला, तर पुन्हा तेच. नोव्हेंबरात स्केगनेसच्या समुद्रावर कुत्रंसुद्धा फिरायला जात नाही, आणि दिवसातून दोनदा तर नाहीच. म्हणून लिहिते आहे. पत्र आलं की 'घरात नाही' म्हणून सांगता येत नाही.

तुझा पत्त्याबित्त्यांचा क्लब मला कळला आहे. दर गुरुवारी डोक्याला तेल चोपडून, दाढी दोनदा करून माणूस रेल्वेच्या क्लबात पत्ते खेळायला केटरिंगला जातो, आणि बायको त्याच्यासाठी जेवण गरम ठेवून बसते. तुझ्या यार्डातला स्टॅन मला बेकरीत भेटला. "सिरिलची तब्येत बरी आहे ना? वर्ष झालं, क्लबात फिरकला नाही," म्हणाला. मी त्याला काय सांगितलं माहीत आहे? पाठ दुखते म्हणाले. तुझ्यासाठी खोटं बोलले, तेही पावाच्या रांगेत उभं राहून.

पुढच्या गुरुवारी कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली आणि तुझ्या मागच्या बसने केटरिंगला आले. स्टेशनमागची गल्ली, निळं दार. समोर पावाची गाडी उभी होती, म्हणून मला फक्त एक हात दिसला. बाईचा हात, मनगटावर टाचण्यांची गादी बांधलेली. तो हात तुझ्या कोटाच्या बाहीला धरून तुला आत घेऊन गेला. "ये, ये, चहा टाकलाय," असं ऐकू आलं. मग वरच्या मजल्यावरचा पडदा ओढला गेला. दिवसाढवळ्या.

तरी मी घरी येऊन गप्प बसले. तुला वाढलं. दुसऱ्या दिवशी कांदे आणायला म्हणून तुझ्या भाजी लावायच्या जमिनीच्या तुकड्यावर गेले, तर शेडमध्ये पोत्यांच्या मागे तिचा ड्रेस सापडला. पातळ कागदात घडी घालून, बाळंतिणीचे कपडे ठेवावेत तसा ठेवलेला. गेल्या शनिवारी तोच तुझ्या ताटाशेजारी ठेवला. तू काटा खाली ठेवलास. "थेल्मा, तुला वाटतंय तसं नाही," म्हणालास. जगातल्या सगळ्या नवऱ्यांना हे एकच वाक्य कुठे शिकवतात कोण जाणे. मग टोपी घेतलीस आणि गेलास.

तो ड्रेस सध्या आपल्या झोपायच्या खोलीच्या दाराला टांगलेला आहे. मी काही त्याची पूजा करत नाही, पण येता-जाता दिसतो. बाई निवडलीस तरी कशी. पाठ अशी की दाराला टेकवली तर कुलूप नको. हात गुडघ्यापर्यंत पोचत असतील. कंबर असायला हवी त्याच्या खाली, आणि कंबरेखाली सगळं सपाट. आयुष्यभर मी कारखान्यात कंबर आवळायचे कॉर्सेट तपासले, सिरिल. नुसत्या कपड्यावरून मला बाईचं वयसुद्धा सांगता येतं. असली बाई मी पाहिली नाही. बाई आहे की कपाट?

एक गोष्ट लिहिणार नव्हते, पण लिहिते, कारण मी खोटं बोलत नाही. ड्रेस शिवलाय सुंदर. वाइन रंगाचं क्रेप, हातात ठरत नाही असलं कापड, आणि त्याला कुठे एक चुणी नाही. मुंढ्याखाली कापडाची छोटी कळी घातली आहे, म्हणजे हात वर केला तरी ड्रेस जागचा हलणार नाही. अस्तर हाताने लावलंय. दिवसभर उभं राहून मी जे लोकांच्या शिवणीत शोधते आणि सापडलं की परत पाठवते, ते मी यात शोधलं. सापडलं नाही.

तिने माझा नवरा घेतला तो घेतला, वर मला तिच्या एका टाक्यात खोट काढता येत नाही.

थेल्मा

*

मार्केट हारबरो,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सिरिल,

काल मी केटरिंगला गेले. ड्रेस कागदी पिशवीत घातला आणि निळं दार ठोठावलं. बसमध्ये सगळं वाक्य पाठ केलं होतं. "हा तुमचा झगा घ्या, आणि माझा नवरा पाहिजे असेल तर त्याचे मोजेही धुवायला घ्या." असं.

दार उघडलं ते एका म्हाताऱ्या बाईने. चिमणीएवढी. पांढरे केस, चष्मा, मनगटावर तीच टाचण्यांची गादी. तुझ्या त्या ड्रेसमध्ये असल्या दोन बायका मावल्या असत्या आणि वर मांजर. मी म्हटलं, "तुमची मुलगी घरात आहे का?"

"मला मुलगी नाही. मी मुरिएल थर्ल्बी. शिवायचं काही आहे का?"

मी ड्रेस पिशवीतून काढला. तिने तो पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आत या, म्हणाली. मी उंबऱ्यावरच उभी राहिले.

"हा तुमचा आहे ना?"

"मी शिवलाय. माझा नाही."

"मग कुणाचा?"

"ज्याचा आहे त्याने सांगायचं असतं ते. मी गिऱ्हाइकांबद्दल बोलत नाही."

"बोलू नका. त्या बाईचं नाव सांगा, मी जाते."

तेवढ्यात वरून पुरुषाचा आवाज आला. "मुरिएल, किती वेळ असा उभा राहू? टाचण्या टोचतायत."

मी तिला बाजूला करून जिना चढले. मला वाटलं, तू स्केगनेसला नाहीसच. ऑड्री खोटं बोलतेय, आणि तू इथेच, वर.

वर शिवणाच्या खोलीत पाटावर एक माणूस उभा होता. टक्कल, पांढऱ्या मिशा, पोलिसात असतो तसा ताठ. त्याने चौकड्यांचा लोकरी स्कर्ट घातला होता आणि वर फिक्या रंगाचा ब्लाउज, आणि स्कर्टच्या खालच्या कडेला सगळीकडे टाचण्या लावलेल्या. त्याला हलता येईना. मला पाहून त्याचं तोंड उघडं राहिलं, पण पाटावरून तो उतरला नाही.

"नमस्कार, बाई," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुम्ही गावच्या नाहीत ना?"

  मी पाहिलं काय, तर त्या स्कर्टच्या बाजूच्या शिवणीवर चौकडीला चौकडी अचूक जुळलेली होती. माझं डोकं हे असलं आहे, सिरिल. घर जळत असलं तरी पडद्याची दुमड बघेल.

मग मी हातातला ड्रेस पाहिला. तो मी आठवडाभर दाराला टांगून ठेवला होता, त्या पाठीकडे बघून दात-ओठ खात होते. आणि ती पाठ मला ओळखू आली. दर रविवारी जिला साबण लावते ती पाठ. मी तिची थट्टा तुलाच लिहून पाठवली होती.

मिसेस थर्ल्बी मागून आली आणि तिने माझ्या मागे खुर्ची सरकवली. मी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "डाव्या खांद्याला कापड थोडं जास्त ठेवलंय तुम्ही."

"हो, डावा खांदा उतरता आहे त्याचा," ती म्हणाली. "यार्डात वर्षानुवर्षं एकाच बाजूने ओझी उचलली ना. तेवढं ठेवलं नाही तर गळ्यापाशी ओढतं. पहिल्या दोन ड्रेसना मला ते कळलं नव्हतं."

पहिल्या दोन.

म्हणजे किती आहेत ते मी विचारलं नाही. चहा घेतला, कारण तिने हातात दिला. पाटावरच्या त्या माणसाचं नाव हॉल्डन, पोलिसात सार्जंट होता. निवृत्त झालाय, बायको वारली. तो पाटावरूनच म्हणाला, "सिरिल चांगला माणूस आहे हो, बाई. आम्हाला सगळ्यांना फार आवडतो."

आम्हाला सगळ्यांना.

बाई असती तर मला कळलं असतं. बाईशी काय करायचं ते बायकोला कळतं. हे मला काय करायचं ते कळत नाही. पण एवढं कळतं की तुझा डावा खांदा उतरता आहे हे तिला माहीत आहे. आणि मला ते तिच्याकडून कळलं.

थेल्मा

*

मार्केट हारबरो,
मंगळवार, २५ नोव्हेंबर

सिरिल,

तुझं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र तू मला लग्नाआधीही लिहिलं नव्हतंस.

वाचलं. लेस्टरच्या बाजारात जायचास, 'बायकोसाठी पाहिजे' म्हणून मोठ्यात मोठा झगा मागायचास, आणि दुकानदार विचारायचा, "एवढी मोठी आहे बायको?" तर तू म्हणायचास, "माझ्याच अंगाची आहे." छान. म्हणजे लेस्टरच्या बाजारात मी रेड्याएवढी म्हणून ठाऊक आहे. पुढे कधी गेले तर तोंड झाकून जाईन.

आणि त्यातला एकही कधी नीट बसला नाही, हेही वाचलं. बगलेत रुतायचा, कंबर बरगड्यांखाली यायची, पाठीवरची चेन अर्ध्यावर अडायची. शेडमध्ये दार लावून घालायचास, थोडा वेळ श्वास रोखून उभा राहायचास आणि काढून टाकायचास. मुरिएलने पहिला ड्रेस शिवून दिला तेव्हा तू त्यात खाली बसलास, आणि कुठेच काही ओढलं नाही, आणि तुला रडू आलं. तिच्यासमोर.

माझ्या आईला पुरलं त्या दिवशी तू रडला नाहीस. मी म्हणायचे, आमच्या सिरिलला रडू येत नाही.

मधे एकदा फोनवर सापडलास तेव्हा मी तुला एकच विचारलं होतं. घरात शिवण येणारी बायको असताना दुसरीकडे का गेलास? त्यावर तू काय लिहिलंस ते मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. "तू काहीही पाहिलंस की आधी त्यातली चूक पाहतेस. ते तुझं कामच आहे आणि तू त्यात हुशार आहेस. माझ्या प्रत्येक शर्टाची कॉलर तू दारात उभी राहून सरळ केली आहेस. मला एक कपडा असा हवा होता, ज्यावर तुझी नजर पडणार नाही. मुरिएलकडे मी गिऱ्हाईक असतो. तुझ्यापुढे माझी तपासणी झाली असती."

कॉलर सरळ करणं म्हणजे तपासणी होय? बरं. वाकडी कॉलर घालून फिरलास तर लोक तुला नाही, मला हसतात.

तुला काय वाटतं, मी हसले असते? शेजारीपाजारी सांगितलं असतं? खरं सांगू का, मला माहीत नाही. कदाचित बशी फेकून मारली असती. पण मग दुसरी बशी घेऊन बसले असते आणि म्हटलं असतं, उभा राहा, माप घेते. ती संधीच तू मला दिली नाहीस. ती तिला दिलीस. बाईने नवरा पळवला तर तो परत तरी आणता येतो. हे काय परत आणू मी?

आता तुझ्या ड्रेसबद्दल. तू लिहिलंस, "तो जपून ठेव, माझा सगळ्यात आवडता आहे." नाही जपला. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी तो उसवला. जेवणाच्या टेबलावर पसरला आणि ब्लेड घेऊन एकेक शिवण उसवली. आधी फाडायलाच बसले होते. मग हातांना सवय असते ना, ते फाडेनात. सगळे तुकडे सुटे करून मांडले आणि बघत बसले. पाठीचा तुकडा केवढा मोठा आहे. त्यावर हात ठेवला. मी तो अंगात घालूनही पाहिला होता, हे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. तंबूसारखा लोंबत होता.

लेनने तुला हिवाळाभर त्या कॅराव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वाडीची राखण करायला सांगितलंय आणि तू विचार करतो आहेस, असं लिहिलंस. कर विचार. एका कॅराव्हॅनमध्ये ऐसपैस राहा. कुणाची नजर पडायला नको.

थेल्मा

*

मार्केट हारबरो,
सोमवार, ८ डिसेंबर

सिरिल,

परवा मी स्केगनेसच्या त्या कॅराव्हॅनमधून तुझा निरोप न घेता निघून आले. बसस्टॉपवर बस यायला बराच वेळ होता आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं. तू मागून येशील असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, तो ड्रेस अंगावर असताना तू दाराबाहेर कसा येणार.

मी काय ठरवून आले होते ते आता सांगते. ते तुकडे मी पुन्हा जोडले होते, पण तिच्यासारखे नाही. माझ्या पद्धतीने. कंबर जरा वर घेतली, छातीखाली दोन टक्स दिले, बाही बारीक केली, ती कळी काढून टाकली, कारण त्या कळीने बगलेपाशी फुगल्यासारखं दिसतं. रात्र रात्र जागले नाही, पण कारखान्यातून आल्यावर चहासुद्धा न घेता बसत होते. मला तुला दाखवायचं होतं. तू घालशील, आरशात बघशील, आणि म्हणशील, थेल्मा, मी उगाच केटरिंगला गेलो.

तू पडद्यामागे गेलास आणि मला बाहेर बसवलंस. लग्नाच्या दिवशी मी तुला ताटकळत ठेवलं होतं, त्याची फेड झाली. मग पडदा सरकला.

तू चांगला दिसत होतास. हे मी तिथे म्हणाले नाही. तो रंग तुला खुलतो. पाय इतके चांगले आहेत तुझे, हे मी पँटमध्ये कधी पाहिलंच नव्हतं. आणि मला राग आला, कारण हे त्या टकल्या सार्जंटने माझ्या आधी पाहिलंय.

तू आरशात पाहिलंस. "छान दिसतंय गं. आधीपेक्षा छान," म्हणालास. मी वाट बघत होते. तू किटली घ्यायला फळीकडे हात नेलास आणि तो अर्ध्यावर थांबवलास. मला दिसलं. मला सगळं दिसतं, तूच म्हणतोस.

"ओढतंय का?" मी विचारलं.

"किंचित. मुंढ्यापाशी."

"सवय होईल."

"होईल की," म्हणालास. मग खाली बसलास, आणि बसताना कंबरेशी ड्रेस वर सरकला आणि तू तो दोन्ही हातांनी खाली ओढलास. चहा ओतलास. पुन्हा ओढलास. तीन वेळा मी ते पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"खरं बोल," मी म्हटलं.

तेव्हा तू जे म्हणालास ते मी घरी येईपर्यंत बसमध्ये मनात म्हणत होते. "थेल्मा, मला यात दिसायचं नव्हतं गं. मला यात बसायचं होतं."

मी म्हटलं, "मग उभा राहा, मी माप घेते. आत्ता. टेप आहे माझ्या पिशवीत." आणि तू मान हलवलीस. "नको," म्हणालास. "ड्रेस मुरिएलच शिवू दे."

हे लागलं मला, सिरिल. तोंडावर मारल्यासारखं लागलं. इतक्या वर्षांत मी तुझे पायजमे शिवले, स्वेटर विणले, यार्डाच्या कोटाला कोपरावर चामडं लावलं, आणि जे तुला सगळ्यात प्रिय आहे त्याला तू मला हात लावू देत नाहीस. म्हणून उठले आणि आले.

बसमध्ये बराच वेळ रडले. शेजारची बाई गोळी देऊ का म्हणून विचारत होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. उठून जाण्याआधी, तू ओढत होतास तरीसुद्धा, त्या तासाभरात तू किती बोललास. लेनच्या बोटीबद्दल, सीगलने ऑड्रीच्या हातातले चिप्स पळवले त्याबद्दल. घरी तू पेपर वाचतोस आणि 'हं' म्हणतोस. मी तुला पाहत होते आणि वाटत होतं, हा माणूस वर्षभर दर गुरुवारी दुसऱ्या कुणाच्या घरी चहा पीत होता.

थेल्मा

*

मार्केट हारबरो,
शुक्रवार, १९ डिसेंबर

प्रिय सिरिल,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण वेळ नव्हता. का नव्हता ते ऐक.

गेल्या आठवड्यात मिसेस थर्ल्बी माझ्या दारात आली. मला वाटलं, भांडायला आली. तिने हात पुढे केले. दोन्ही अंगठ्यांची पेरं सुजून अक्रोडाएवढी झाली आहेत. सुई धरवत नाही. "सिरिल म्हणायचा की त्याच्या बायकोइतकी बारीक नजर गावात कुणाची नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्या डोळ्यांत पाहिलं मी त्या दिवशी. सार्जंटच्या चौकड्या बघत होतात. माझी माणसं कुठे जातील हो? दुकानात जाऊन पुन्हा बगला आवळून घेतील."

तू माझं कौतुक करायचास, ते तिच्यापाशी. माझ्यापाशी कधी नाही. त्याचाही मला राग आला, हे आधी लिहून टाकते.

मी म्हटलं, "मला तुमच्यासारखं जमत नाही. मी एकाला शिवून पाहिलं. ओढतंय म्हणाला."

तर ती हसली. "तुम्ही उभ्या माणसाला शिवलंत. मीही पहिल्यांदा तेच केलं. बायकांच्या कपड्यात उभं राहायचं असतं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. त्यांना ते माहीतच नसतं. ते येतात आणि आरामखुर्चीत बसायचं म्हणतात."

तेव्हा काल गुरुवारी मी गेले. सार्जंट पाटावर चढायला लागला तर मी त्याला म्हटलं, "चढू नका. बसा." तो बसला. "आता बुटाची नाडी बांधा." वाकला. "आता वरच्या फळीवरचा डबा काढा." त्याने काढला. त्याच्या कोटाचं कापड जिथे जिथे ताणलं जातं तिथे मी खडूने खुणा केल्या. तो म्हणाला, "बाई, तुम्ही पोलिसात असायला हव्या होतात." एक शाळामास्तर येतो, लाजाळू, त्याला रुंद पायाचे बूट कुठे मिळतात हे माहीत नव्हतं. नॉर्थॅम्प्टनला बूट बनवणारा म्हातारा मला ठाऊक आहे, त्याच्याकडे उद्या घेऊन जाणार आहे. काय हाल करून घेतले आहेत मास्तराने पायाच्या अंगठ्यांचे.

म्हणजे आता त्या घरातल्या सगळ्यांचं मी शिवते. तुझं सोडून.

तुझं मुरिएलनेच घेतलं आहे. अंगठ्यांना पट्ट्या बांधून, रोज थोडं थोडं. गडद हिरवी लोकर आहे. कापून मशीनशेजारी ठेवलंय आणि वर चादर घातली आहे. मी आत आले की ती चादर नीट करते. मी तिला म्हटलं, मी बघणार नाही, शपथ. ती चहा करायला खाली गेली तेव्हा मी चादर उचलली नाही.

उचलली. खोटं कशाला. बाही पाहिली आणि पुन्हा झाकलं. बाही चांगली आहे.

तू लिहिलंस, राखणीच्या कामाचं लेनला अजून हो म्हटलेलं नाही. म्हणू नकोस. पुढच्या शनिवारी ये. मी तुला दारात थांबवून काही विचारणार नाही आणि कॉलरला हात लावणार नाही, म्हणजे प्रयत्न करीन. शेडमधलं जे काही आहे ते घरात आण, ओल धरेल तिथे. कपाटाची उजवी बाजू मी रिकामी केली आहे. माझे हिवाळी कोट गादीखालच्या खणात गेले.

गुरुवारी तू जा मुरिएलकडे. मी तिथेच असेन, खालच्या खोलीत, शाळामास्तराच्या कमरेशी भांडत. तुझं माप वर चाललेलं असेल आणि मला ऐकू येणार, आणि मला ते आवडणार नाही. ते मी तुला आधीच सांगून ठेवते. कधीतरी आवडेल असंही नाही. पण मी वर येणार नाही. फक्त हिरवा ड्रेस तयार झाला की तो पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरात घालायचा, माझ्यासमोर. तिथे नाही, त्यांच्यासमोर नाही. एवढं माझं.

मी काही बोलणार नाही. चहा ओतीन.

आणि हो, सार्जंट काल सांगत होता, तू गुरुवारी विनोद सांगतोस. म्हणे मुरिएलला एकदा इतकं हसू आलं की तोंडातल्या टाचण्या बाहेर पडल्या. मला तू कधी एकही सांगितलेला नाहीस. येताना बसमध्ये वेळ असतो. एखादा आठवून ये. त्यांना न सांगितलेला.

तुझी,
थेल्मा